मातीचे पटल आणि कन्नडचे सांडपाणी

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या कन्नडसारख्या तालुक्याच्या गावाने सांडपाणी शुद्ध करायचे ठरवले, तर जागा मिळते, यंत्रे मिळतात, बांधकामाला अनुदानही मिळते. अडते ते पुढे. केंद्र पंधरा वर्षे रोज चालवायला जी वीज लागेल तिचे बिल कोण भरणार, याचे उत्तर कोणाकडे नसते. २०११च्या जनगणनेत कन्नड नगर परिषदेची लोकसंख्या चाळीस हजारांच्या आसपास होती. भुयारी गटार नसलेल्या गावाला माणशी रोज ७० लिटर आणि असलेल्या गावाला १३५ लिटर पाणी द्यावे, असा केंद्र सरकारचा निकष आहे. त्यातले ८० टक्के पाणी सांडपाणी होऊन बाहेर पडते असे धरतात. या हिशेबाने गावातून रोज २२ ते ४३ लाख लिटर सांडपाणी निघेल. सोयीसाठी ३० लाख धरू. यातले जे पाणी शुद्ध न होता वाहील, ते उताराने शिवना नदीकडे जाणार, आणि शिवना गोदावरीला मिळते ती जायकवाडीच्या वरच्या अंगाला. ज्या जलाशयातून छत्रपती संभाजीनगर पाणी पिते, त्याच्याशी कन्नडच्या गटारांचा संबंध एवढा सरळ आहे. हवा फुंकून पाणी शुद्ध करणाऱ्या नेहमीच्या केंद्राला हजार लिटरमागे ०.४ युनिट धरले तरी रोज १,२०० युनिट लागतील आणि त्यातली निम्मी किंवा त्याहून जास्त वीज फक्त हवा फुंकण्यात जाईल. थकीत बिलापायी पिण्याच्या पाण्याच्या पंपांची जोडणी तोडली जाणे महाराष्ट्रातल्या लहान गावांना नवे नाही. पिण्याच्या पाण्याची ही गत, तर घाण पाण्याच्या विजेसाठी पैसे आधी बाजूला निघतील ही आशा धरण्यात अर्थ नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा २०२१चा अहवाल हेच देशाच्या पातळीवर दाखवतो. शहरांतून रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी निघते, उभारलेली प्रक्रियाक्षमता ३१,८४१ दशलक्ष लिटरांची आहे आणि प्रत्यक्षात शुद्ध होते २०,२३६ दशलक्ष लिटर. पहिल्या दोन आकड्यांतली दरी पैसा आणि इच्छाशक्ती यांची आहे, हे सगळे जाणतात. मला जास्त अस्वस्थ करते ती दुसऱ्या आणि तिसऱ्या आकड्यातली दरी, म्हणजे बांधून तयार असलेली आणि तरीही पुरती न चालणारी केंद्रे.

सूक्ष्मजीवांच्या इंधन घटाकडे, आणि त्यातल्या स्वस्त पटलाकडे, या दरीच्या बाजूने पाहावे असे माझे म्हणणे आहे. ‘सांडपाण्यातून वीज’ या मथळ्याखाली हा विषय लोकांसमोर येतो आणि त्या मथळ्यानेच त्याचे नुकसान केले आहे. विजेचे उत्पादन म्हणून हे तंत्र जोखले तर ते फार थिटे पडते. पण वीज न मागता पाणी शुद्ध करण्याची रीत म्हणून जोखले, तर मराठवाड्यातल्या लहान गावांसाठी त्याच्या तोडीचे पर्याय थोडेच निघतील. हा फरक शब्दांचा नाही. पटल कशाचे करायचे, किती टिकले पाहिजे, कुठे बसवायचे आणि पैसे कशाचे मोजायचे, हे सगळे त्यावरच ठरते.

घटाचे काम असे चालते. सांडपाण्यातले सेंद्रिय द्रव्य म्हणजे जिवाणूंचे अन्न. ते पचवताना जिवाणूला इलेक्ट्रॉन कुठेतरी टाकावे लागतात. हवा असेल तर तो ते प्राणवायूला देतो. हवा नसेल तर काही जिवाणू ते शरीराबाहेरच्या घन पदार्थाला देऊ शकतात. डेरेक लव्हली यांना १९८७मध्ये अमेरिकेतल्या पोटोमॅक नदीच्या गाळात असा जिवाणू सापडला, जो लोहाच्या ऑक्साइडला इलेक्ट्रॉन देऊन जगत होता. तोच पुढे जिओबॅक्टर म्हणून प्रसिद्ध झाला. लोहाच्या जागी कार्बनचा ॲनोड ठेवला की इलेक्ट्रॉन तारेतून वाहू लागतात, दुसऱ्या टोकाच्या कॅथोडवर हवेतल्या प्राणवायूला मिळतात आणि वाटेत दिवा लावतात. सूक्ष्मजीवांच्या क्रियेतून विद्युतदाब मिळतो हे इंग्लंडमधल्या डरॅम विद्यापीठाचे एम. सी. पॉटर यांनी १९११मध्येच दाखवले होते. मात्र घरगुती सांडपाणी शुद्ध होत असतानाच त्यातून वीज काढता येते, हे पेनसिल्व्हेनियात ब्रूस लोगन यांच्या गटाने २००४मध्ये दाखवले आणि त्यानंतर हा विषय प्रयोगशाळांत धावू लागला. तारेतून ऋण भार गेला की द्रवातून तेवढाच धन भार पलीकडे जावा लागतो, नाहीतर प्रवाह थांबतो. आणि पलीकडची हवा अलीकडे येऊ देता येत नाही, नाहीतर जिवाणू तारेला सोडून हवेलाच इलेक्ट्रॉन देतील. भार जाऊ द्यायचा, हवा येऊ द्यायची नाही, पाणी सांभाळायचे, ही तिन्ही कामे दोहोंमधल्या पटलाची.

यासाठी बरीच वर्षे जे पटल वापरले गेले ते नाफिऑन. ड्यूपाँ कंपनीत वॉल्थर ग्रोट यांनी ते १९६०च्या दशकात शोधले. क्लोरीन आणि कॉस्टिक सोड्याच्या कारखान्यांत आणि हायड्रोजनच्या इंधन घटांत ते उत्तम काम करते. किंमत चौरस मीटरला हजार डॉलरच्या वर, म्हणजे आपल्याकडे लाखभर रुपये. एवढे पैसे कशाचे, तर ते धन आयनांना वाट देते आणि त्यातही प्रोटॉन फार सहज सोडते, याचे. आता हे पटल गटाराच्या पाण्यात ठेवून पाहा. सांडपाण्याचा सामू सातच्या आसपास असतो, म्हणजे त्यात मोकळे प्रोटॉन नगण्य. सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, अमोनियम हे धन आयन मात्र प्रोटॉनांच्या लाखपट. नाफिऑनमधल्या ज्या जागांवर प्रोटॉनांनी बसायचे, त्या जागा हीच गर्दी बळकावते. नेदरलँड्समधल्या रोझेंडाल आणि सहकाऱ्यांनी २००६मध्ये हे मोजून दाखवले. भार वाहिला तो मुख्यतः या इतर आयनांनी, आणि परिणामी ॲनोडची बाजू आम्ल, कॅथोडची बाजू अल्कली होत गेली. ज्या गुणासाठी लाख रुपये मोजायचे तो गुण सांडपाण्यात वापरातच येत नाही. वर त्याच्यावर जिवाणूंचा बुळबुळीत थर चढतो तो वेगळाच. स्वस्त पटलाकडे नाइलाज म्हणून वळणाऱ्याने हे आधी समजून घ्यावे. सांडपाण्यासाठी नाफिऑन महाग आहे, पण तेवढेच नाही. ते तिथे चुकीच्या जागी आहे.

या जागी माती बसवून पाहण्याचे सर्वांत नेटाने झालेले भारतीय काम खरगपूरच्या आयआयटीतले आहे, मकरंद घांग्रेकर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांचे. २०१०मध्ये या गटाने भातगिरणीच्या सांडपाण्यावर दोन घट चालवले. एकात विकतचे प्रोटॉन-पटल होते, दुसरा घट म्हणजे मातीचे मडके. सामू ८ असताना मडक्याने घनमीटरला २.३ वॅट दिले, विकतच्या पटलाने ०.५३. सेंद्रिय भार मडक्याने ९६.५ टक्के उतरवला, दुसऱ्याने ९२.६ टक्के. हे आकडे ‘माती नाफिऑनच्या चौपट चांगली’ असे वाचू नयेत. मडक्याची सगळी भिंतच पटलाचे काम करते आणि चौकटीत बसवलेल्या तुकड्याला तेवढे क्षेत्रफळ मिळत नाही. पण लाख रुपयांच्या वस्तूशी काही रुपयांच्या वस्तूची बरोबरी होण्यासाठी चौपट असण्याची गरजही नाही. त्याच गटाने पुढे भिंतीची जाडी बदलून पाहिली आणि पातळ भिंत सरस ठरली. मग मातीत मॉन्टमोरिलोनाइट हे खनिज मिसळून पाहिले. वजनाच्या पाचव्या हिश्शापर्यंत ते मिसळल्यावर पटलातून प्रोटॉन जास्त सहज जाऊ लागले, कारण या खनिजाच्या थरांमध्ये धन आयन अदलाबदल होत राहतात. तिकडे ब्रिस्टलमध्ये इओआनिस इएरोपुलोस यांनी भाजलेल्या मातीचेच घट घेऊन विद्यापीठाच्या आवारात मुतारी चालवली, तिच्यामागे ऑक्सफॅम ही मदतसंस्था होती. २०१५च्या ग्लॅस्टनबरी महोत्सवात त्यांनी ४३२ घट लावून मुतारीतले दिवे पेटवले. त्या ४३२ घटांतून मिळाले सुमारे ३०० मिलिवॅट. पाच वॅटच्या मोबाइल चार्जरलाही ते पुरणार नाहीत. ‘वीजनिर्मिती’ हा शब्द वापरताना हा आकडा डोळ्यांसमोर असलेला बरा.

मॉन्टमोरिलोनाइटचे नाव परके वाटले तरी कन्नडच्या शेतकऱ्याच्या ते पायाखालचे आहे. दख्खनच्या काळ्या पाषाणाची झीज होऊन जी काळी माती तयार झाली, तिचा चिकटपणा, पावसाळ्यातले फुगणे आणि उन्हाळ्यातल्या भेगा याच खनिजगटामुळे आहेत. त्याच कारणाने निव्वळ काळ्या मातीचे भांडे होत नाही, सुकतानाच ते तडकते. म्हणून कुंभार तळ्याचा, नदीचा गाळ घेतो, त्यात राख, बारीक वाळू, घोड्याची लीद मळतो. लीद आव्यात जळून जाते आणि तिच्या जागी बारीक पोकळ्या राहतात. माठ पाझरतो तो त्यांतून, आणि पाझरतो म्हणूनच पाणी गार होते. गिऱ्हाईक टिचकी मारून आवाज ऐकते. खणखणीत वाजला तर माठ पक्का भाजला, बद्द वाजला तर कच्चा किंवा तडकलेला. पटलासाठी लागते ती कमी भाजलेली आणि फार भाजलेली यांच्या मधली अवस्था. कमी भाजले तर ते पाण्यात विरघळेल. फार भाजले तर पोकळ्या मिटतील, आणि सहाशे-सातशे अंशांच्या पुढे मॉन्टमोरिलोनाइटचे थर कोसळू लागतात, म्हणजे ज्यासाठी ते मिसळले तो गुणच जातो. उघड्या आव्यात एका कडेला सहाशे आणि मध्यावर नऊशे अंश असू शकतात. त्यामुळे ‘गावचा कुंभार पटले करील’ एवढे म्हणून भागणार नाही. माठाचा आकारही इथे सोयीचा नाही. फरशीसारखी चपटी, चार मिलिमीटर जाडीची, हाताच्या दाबयंत्रावर काढलेली आणि तापमान राखणाऱ्या छोट्या भट्टीत भाजलेली पटले लागतील. कुंभाराकडे मातीची आणि तिच्यातल्या मिसळीची जाण आहे. भट्टी आणि मोजमाप दुसऱ्या कोणीतरी पुरवायला हवे, आणि कुंभाराला त्याच्या मालाचा रास्त दर मिळायला हवा. एरवी स्वस्त पटल म्हणजे स्वस्त मजुरी असाच त्याचा अर्थ होईल.

आता हिशेब, कारण या विषयावरचा बराच उत्साह आणि बरीच निराशा हिशेब न मांडल्यामुळे आहे. कन्नडच्या ३० लाख लिटर सांडपाण्यात लिटरला ४०० मिलिग्रॅम सीओडी (म्हणजे सेंद्रिय द्रव्य जाळायला लागणाऱ्या प्राणवायूचे माप) धरला, तर रोज १,२०० किलो सेंद्रिय भार होतो. सगळा जाळता आला तर त्यात साडेचार हजार युनिटांच्या वर ऊर्जा आहे, आणि हा आकडा ऐकून लोक हरखतात. पण घटात मिळणारा दाब फार तर ०.३ व्होल्ट, आणि प्रत्यक्षात तारेपर्यंत पोचणारे इलेक्ट्रॉन ३० टक्के धरले तरी ते उदारपणे धरलेले आहेत. एक किलो सीओडीमधले सगळे इलेक्ट्रॉन तारेत आले तर सुमारे ३,३५० अँपिअर-तास मिळतात. ३० टक्क्यांनी, म्हणजे ३६० किलोंनी, दिवसभर अखंड ५०,००० अँपिअर प्रवाह मिळेल. ०.३ व्होल्टने गुणले की १५ किलोवॅट, म्हणजे दिवसाला ३६० युनिट. एवढा कमी दाब वापरण्याजोगा करताना आणखी तूट होते. अडीचशे हाती आले तरी खूप. उलट बाजूला, हवा फुंकण्याची गरज गेली तर १,२०० युनिटांपैकी सहाशे वाचतात. शिवाय हवेवर वाढणारे जिवाणू खाल्लेल्या अन्नाचा मोठा हिस्सा स्वतःची संख्या वाढवण्यात घालतात आणि त्याचाच गाळ साचतो. हवेविना जगणाऱ्यांचा गाळ निम्म्याहून कमी, म्हणजे तो उपसण्याचा, वाळवण्याचा, वाहून नेण्याचा खर्चही तितका कमी. न जळालेले युनिट निर्माण झालेल्या युनिटांच्या दुप्पट भरतात. नगर परिषदेने घट घ्यायचा तर तो या वाचलेल्या युनिटांसाठी. मिळालेली वीज केंद्रातले दिवे आणि मोजमापाची उपकरणे चालवील आणि जिवाणू कामावर आहेत की नाहीत हे सांगेल. प्रवाह पडला की सांडपाण्यात काहीतरी बिघडले हे तासाभरात कळते. लहान केंद्रांना आज ही सूचना मिळत नाही.

याच हिशेबातून पटलाची किंमत का कळीची आहे हे दिसते. चांगल्या चालणाऱ्या घटात चौरस मीटरला अर्धा अँपिअर मिळेल असे धरले, तर ५०,००० अँपिअरसाठी एक लाख चौरस मीटर पटल लागेल. खऱ्या सांडपाण्यात ०.२ अँपिअर मिळाला तर अडीच लाख. नाफिऑनचे एक लाख चौरस मीटर म्हणजे हजार कोटी रुपये. कन्नडच काय, मुंबईही ते करणार नाही. मातीचे पटल चौरस मीटरला ३०० रुपयांना पडते असे समजू, तर तीन कोटी. माती किती लागेल? चार मिलिमीटर जाडीने ४०० घनमीटर, म्हणजे दीडशे ब्रासच्या आत. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत एकेका तलावातून उपसल्या जाणाऱ्या गाळापुढे ही माती काहीच नाही. पण हाच आकडा आपल्याला आवरतोही. दहा हेक्टर भरतील इतकी पटले, ती धरून ठेवणाऱ्या चौकटी, हजारो जोडण्या आणि एकही गळती न होऊ देणे, हे सगळ्या गावाच्या केंद्रासाठी आज कोणी करू शकत नाही. असे केंद्र उभे करून देतो म्हणून कोणी निविदा भरलीच तर नगर परिषदेने ती घेऊ नये.

पटलच नको, असे म्हणणारा पक्ष याच जागी उभा राहतो आणि त्याच्याकडे पुरावा आहे. लोगन आणि त्यांच्या सहकारी लिऊ यांनी २००४मध्येच पटल काढून टाकून घट चालवला. सांडपाण्यावर पटलासह चौरस मीटरला २८ मिलिवॅट मिळत होते, पटल काढल्यावर १४६ मिळाले. पाचपट वीज आणि पटलाचा खर्च शून्य, मग मातीची खटपट कशाला? उत्तर त्याच शोधनिबंधात आहे. ग्लुकोजवर चालवलेल्या घटात पटल असताना ४० ते ५५ टक्के इलेक्ट्रॉन तारेत येत होते, पटल काढल्यावर ९ ते १२. कॅथोडमधून हवा आत झिरपली आणि जिवाणूंनी अन्न हवेवर खाल्ले. प्रयोगशाळेतल्या वाटीएवढ्या घटात हे खपते. मोठ्या टाकीत कॅथोडला सांडपाणी थेट भिडले की त्याच्यावर जिवाणूंचा जाड थर चढतो, आणि दोन्ही इलेक्ट्रोड एकमेकांना टेकू नयेत म्हणून अंतर ठेवावे लागते, त्याने रोध वाढतो. मधे काहीतरी घालावेच लागते. काहींनी कापड घातले, काहींनी काचतंतू, नायलॉनची जाळी, रबराचे पातळ पापुद्रे. मातीचे वैशिष्ट्य हे की ती पटलही आहे आणि टाकीची भिंतही; कापडासारखी किंवा जाळीसारखी ती ताणून धरावी लागत नाही, ती स्वतःच्या बळावर उभी राहते. शिवाय ती किंचित पाझरत असल्याने कॅथोड ओला राहतो, पलीकडे वेगळे पाणी भरावे लागत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: पटल स्वस्त झाले तरी कॅथोडचे काय? प्लॅटिनमचा कॅथोड नाफिऑनइतकाच गावाच्या आवाक्याबाहेर आहे. इथे गेल्या दोन दशकांत बरीच मजल मारली गेली आणि प्लॅटिनमच्या जागी सक्रिय कोळसा चालू लागला. नारळाच्या करवंटीपासून होणारा हा कोळसा पाणी गाळण्याच्या यंत्रांतून घरोघर पोचलेला आहे. तरी कॅथोड हा आजही घटाचा सर्वांत खर्चिक आणि सर्वांत लवकर थकणारा भाग आहे, हे मान्यच केले पाहिजे. मोठ्या घटांचा अनुभवही सुखाचा नाही. क्वीन्सलँड विद्यापीठाने २००७मध्ये ऑस्ट्रेलियातल्या याटाला इथल्या बिअरच्या कारखान्यात घनमीटरभराचा घट लावला, त्यानंतर जगात काही ठिकाणी शेकडो लिटरचे घट झाले. दर वेळी तेच दिसले. घट मोठा केला की घनमीटरमागची वीज उतरते, आणि घट एकापुढे एक जोडले की एखादा दुबळा घट उलटा चालू लागतो. यातून निघणारा धडा आकाराचा आहे. हे तंत्र मोठ्या केंद्रात शिरवण्याचा हट्ट सोडून सांडपाणी जिथे जन्मते तिथे, लहान आकारात, ते लावावे.

तिसरा आक्षेप आपल्याच प्रदेशातून येतो आणि मला तो सर्वांत मोलाचा वाटतो. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेचे फायटोरिड तंत्र आहे. खडीच्या वाफ्यात कर्दळ, पाणकणीस लावून त्यातून सांडपाणी सोडायचे, विजेची गरज जवळजवळ नाही. वाई आणि सिन्नर या नगर परिषदांनी सेप्टिक टाक्यांचा मैला ठरलेल्या वेळापत्रकाने उपसून वेगळ्या केंद्रात नेण्याची व्यवस्था घालून दिली आहे. बायोगॅस तर महाराष्ट्राच्या खेड्यांना चांगला ठाऊक. मग चौथी गोष्ट कशाला? बायोगॅसचे उत्तर सोपे आहे. मळी किंवा शेणासारख्या घट्ट द्रव्यावर त्याला तोड नाही, पण घरगुती सांडपाणी इतके पातळ असते की त्यातून निघणाऱ्या मिथेनचा मोठा वाटा पाण्यातच विरघळून निघून जातो आणि पुढे हवेत सुटतो. फायटोरिडशी मात्र घटाचे भांडणच नाही. वाफ्याला जागा लागते आणि तळाशी हवा न पोचल्याने तिथले काम मंद चालते. तिथेच कार्बनचे इलेक्ट्रोड घातले तर जिवाणूंना इलेक्ट्रॉन टाकायला जागा मिळते. पाणवनस्पतींच्या वाफ्यात इंधन घट बसवण्याची कल्पना भुवनेश्वरच्या सीएसआयआर प्रयोगशाळेतल्या आशीष कुमार यादव यांनी पहिल्यांदा मांडली आणि आता ती जगभर अभ्यासली जाते. शिवाय २०१७च्या केंद्रीय अधिसूचनेप्रमाणे महानगरांबाहेरच्या केंद्रातून सुटणाऱ्या पाण्याचा बीओडी (म्हणजे जिवाणूंना ते द्रव्य पचवायला लागणारा प्राणवायू) लिटरला ३० मिलिग्रॅमच्या आत हवा. एकट्या घटाला तो रोजच्या रोज गाठणे अवघड आहे. घटाने आधी बराचसा भार उतरवावा आणि उरलेले वाफ्याने करावे, ही विभागणी दोघांनाही झेपते. हवामान इथे आपल्या बाजूचे आहे. युरोपात हिवाळी सांडपाणी दहा अंशांवर येते आणि जिवाणू मंदावतात; मराठवाड्यात वर्षाचे बहुतेक महिने ते त्यांना मानवेल इतके कोमट असते.

आता टिकाऊपणा. मातीच्या पटलाविरुद्ध नेहमी सांगितले जाते की ते वर्ष-दोन वर्षांत बुजते. खरे आहे, आणि आपल्याकडे जास्तच खरे आहे, कारण मराठवाड्यातले विहिरी-बोअरचे पाणी जड. कॅथोडच्या बाजूला अल्कली वाढते, तिथे कॅल्शियम कार्बोनेट साचते आणि पटलावर पांढरा खार धरतो. जुना माठ पाणी गार करीनासा होतो तो याच कारणाने. घरातली बाई त्यावर निबंध लिहीत बसत नाही, पुढच्या उन्हाळ्यात नवा माठ आणते. पटलाचाही विचार असाच व्हावा. सौम्य आम्लाने एक-दोनदा धुवावे आणि नंतर बदलावे. दहा वर्षे टिकणारी पण गावात न मिळणारी वस्तू बिघडली की केंद्र बंद पडते. दोन वर्षे टिकणारी आणि दहा मैलांवर होणारी वस्तू बिघडली की आठवड्यात बदलता येते. चालू नसलेल्या केंद्रांची यादी पाहिली तर सुट्या भागांची वाट पाहत थांबलेली केंद्रे त्यात किती आहेत हे कोणत्याही अभियंत्याला ठाऊक असते. आणि बदललेल्या पटलाचे करायचे काय, हेही पाहिले पाहिजे. फुटके खापर रस्त्याच्या भरावात जाते. नाफिऑन हे ज्या फ्लोरीनयुक्त रसायनांच्या कुळातले आहे ती शतकानुशतके नष्ट होत नाहीत म्हणून युरोप त्यांच्यावर बंदीचा विचार करतो आहे, आणि थ्रीएमसारख्या कंपनीने ती बनवणेच सोडण्याचे २०२२मध्ये जाहीर केले. पाणी शुद्ध करण्यासाठी तीच रसायने लाखो चौरस मीटर पसरणे शहाणपणाचे नाही.

सुरुवात कुठून करावी याचे उत्तर वरच्या हिशेबातच आहे. दोनशे विद्यार्थ्यांचे एखादे वसतिगृह किंवा आश्रमशाळा घ्या. माणशी शंभर लिटरने रोज वीस हजार लिटर सांडपाणी, म्हणजे गावाचा दीडशेवा हिस्सा. पटल लागेल साडेसहाशे-पावणेसातशे चौरस मीटर, माती एक ब्रासभर, पटलाचा खर्च दोन लाख. कॅथोड, कार्बन आणि टाकीचे काम मिळून हा आकडा काही पटींनी वाढेल, तरी तो एका संस्थेच्या इमारतखर्चात मावण्याजोगा आहे. वीज मिळेल ती शंभर वॅटच्या आत, व्हरांड्यातल्या दिव्यांपुरती. सेप्टिक टाकी तिथे असतेच आणि सांडपाणी तिच्यात दिवसभर थांबतेच. तिच्या पुढच्या कप्प्यात पटले उभी करायची आणि शेवटी कर्दळीचा वाफा. पाणी परसबागेला. बिघडले तर एका वसतिगृहाचे बिघडेल, गावाचे नाही, आणि सुधारायला वाव राहील. कन्नड तालुक्यात घाटाखाली आणि घाटावर अशा शाळा, वसतिगृहे, मंगल कार्यालये, बस स्थानकाची स्वच्छतागृहे आहेत, जिथे भुयारी गटार पुढची कित्येक वर्षे पोचणार नाही.

या कामाला पैशांपेक्षा मोजमापाची उणीव जास्त जाणवेल. मातीचे पटल म्हणजे काय, याचे प्रमाण आज कुठे ठरलेले नाही. किती सच्छिद्र, प्राणवायू किती झिरपतो, किती दाबाला फुटते, किती पाणी पाझरते, या चार चाचण्या ठरल्या तर कन्नडचा कुंभार आणि पैठणचा कुंभार एकाच मापाने माल देऊ शकतील. सीओडीची चाचणी पोटॅशियम डायक्रोमेटने दोन तास उकळून होते, बी.एस्सी.च्या प्रयोगशाळेला ती अवघड नाही. तालुक्याच्या महाविद्यालयातल्या रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी दर आठवड्याला आत जाणारे आणि बाहेर पडणारे पाणी तपासले, आणि ते आकडे नगर परिषदेच्या फलकावर लागले, तर दोन पावसाळे आणि दोन उन्हाळे ओलांडलेली अशी नोंद मराठवाड्याच्या हवामानातून आणि जड पाण्यातून हाती येईल. खरगपूरची किंवा ब्रिस्टलची नोंद तिची जागा घेऊ शकत नाही. आणि नगर परिषद पुढचा प्रकल्प अहवाल मागवेल तेव्हा त्यात केंद्राची क्षमता आणि बांधकामाचा खर्च यांच्या शेजारी आणखी दोन आकडे सक्तीने मागावेत: एक किलो सीओडी उतरवायला किती युनिट जळतील, आणि बदलावा लागणारा प्रत्येक भाग किती किलोमीटरवर मिळेल. ठेकेदाराचे मासिक देयकही उतरवलेल्या किलोंवर ठरावे, बसवलेल्या अश्वशक्तीवर नव्हे.